तिसऱ्या धवल्यातली कुजबुज

मोरू मांडवाच्या खांबाला आंब्याचे टहाळे बांधत शिडीवर उभा होता, तेव्हा खिशातला फोन वाजला.

"काका, मी अंबरीश बोलतोय, रोह्याहून. रेकॉर्डिंगवाला."

"बोल रं बाबा."

"काका, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"शिडीवर."

"मग आधी खाली उतरा."

साठ वर्षांच्या आयुष्यात चांगली बातमी सांगायच्या आधी मोरूला कोणी खाली उतरायला सांगितलं नव्हतं. आज घरात हळद. उद्या पोरीचं, दिशाचं लग्न. तो एकेक पायरी चाचपत उतरला, मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हां. आता बोल."

"परवाच्या धवल्यांमध्ये तुमचं बोलणं आलंय."

हे बोलणं कसं आलं ते सांगायला परवापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या निडी गावात लग्न म्हटलं की धोंडुबाई आली. ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी, त्या गाण्यांना धवले म्हणायचं. ती गायल्याशिवाय आमच्याकडे हळद अंगाला लागत नाही. पण धोंडुबाई आता ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले. मोरूची दिशा दिली जिते गावच्या नाथाच्या घरी, आणि जित्याची धवलारीण गेल्या वर्षी वारलेली. एकाच दिवशी निडीत नवरीची हळद आणि जित्याला नवऱ्याची. धोंडुबाई एक. तेव्हा नवऱ्याच्या भावाने, आदेशने, तोड काढली. धवले रोह्याला रेकॉर्ड करायचे आणि जित्याच्या मांडवात मोठ्या स्पीकरच्या बॉक्सवर लावायचे.

रोह्याला शरद गुरुजींच्या मुलाने, अंबरीशने, घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ काढलाय. गुरुजी तिथे पूर्वी शिकवण्या घ्यायचे. भिंतींना आता स्पंज लावलाय, पण एका कोपऱ्यात फळा तसाच आहे. त्या फळ्याखाली, टेबलावर, अंबरीशचा जीव असलेलं मशीन. लोखंडी पेटी, पोह्यांच्या अर्ध्या गोणीइतकी जड. पुढे दोन काटे, दारूच्या गुत्त्यावरच्या माणसासारखे डोलणारे, आणि वरच्या जाळीतून दिसणाऱ्या चार काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा, आत निखारा धरल्यासारख्या लाल.

"कॉम्प्रेसर आहे काका. नवीनच आलाय. पण बनवलाय अगदी जुन्या पद्धतीने."

"नवीन घेतलास तर जुन्यासारखा कशाला घेतलास?"

"आवाजाला ऊब येते."

हे मोरूला कळलं नाही, पण धोंडुबाईला लगेच कळलं. अंबरीश म्हणाला, नळ्या तापायला अर्धा तास लागतो, तोवर थांबू. तशी ती म्हणाली, "तापू दे की. ढोलकी शेकल्याबिगर कोन वाजवतो?" आणि तिने तंबाखूची डबी काढली.

अंबरीशने मोरूला समजावून सांगितलं, "आजी कधी अगदी हळू गातात, कधी एकदम वरचा सूर लावतात. हे मशीन काय करतं, मोठा आवाज खाली दाबतं आणि बारीक आवाज वर घेतं. सगळं एका पातळीत येतं."

"आमच्या शकूसारखं," मोरू म्हणाला. "मी जरा आवाज चढवला की दाबतेच ती."

मोरूची बायको शकू शेजारीच बसली होती. ती काहीतरी पुटपुटली. ती डाव्या बाजूला बसली होती, आणि मोरूचा डावा कान भाताच्या गिरणीत तीस वर्षं काम करून गेलेला. शकू नेहमी डाव्याच बाजूला बसते. का, ते त्याने कधी विचारलं नाही.

खरं तर गाणाऱ्याशिवाय खोलीत कोणी नसावं अशी अंबरीशची इच्छा होती. पण धोंडुबाईने साफ सांगितलं, "भिंतीला बघून मी गायची नाय. धवला मानसांपुढं गायचा. नवरीची आयबापूस समोर बसूदे." म्हणून दोघं बसली. आणि आता कुणाच्याही मांडवात जाऊन बघा. धवला चालू असताना गप्प कोण बसतं? बायका नारळ किती आले ते विचारतात, म्हातारे झोपतात, जेवणाची चौकशी चालू असते. धवला हा बोलता बोलता ऐकायचा असतो. अंबरीशने "शांत बसा" म्हणून सांगितलं होतं. मोरूने ते, देवळात पुजारी सांगतो तेवढंच मनावर घेतलं.

तिसऱ्या धवल्यात धोंडुबाईने आवाज खाली आणला, दम घ्यायला थांबली, आणि तेवढ्यात मोरू शकूच्या कानाशी वाकला. शकू सकाळपासून फुगलेली होती. कारण साखरपुड्याला जित्याला जेवून आल्यापासून मोरू विहीणबाईंच्या मटणाचं कौतुक करत होता. उद्यापरवा लग्न, बायको रुसलेली बरी नव्हे, म्हणून तो अगदी हळू कुजबुजला.

अंबरीशने त्या दिवशी पूर्ण ऐकून घेतलंच नाही, कारण आदेश बाहेर मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला, तो गेला. आज एका गिऱ्हाइकाला मशीनची कमाल ऐकवावी म्हणून अंबरीशने तिसरा धवला लावला, आणि कमाल ऐकू आली.

"काय आलंय त्यात?" मोरूने खांब घट्ट धरून विचारलं.

अंबरीशने सांगितलं. शुद्ध बोलणाऱ्या परक्या पोराच्या तोंडून, जसंच्या तसं, आपलंच वाक्य ऐकताना मोरूचे कान तापले. "विहीणबाईचं मटान म्हंजी नुसतं गरम पानी. तुज्या हाताची सर नाय."

"एवढं साफ?"

"काका, त्या नळ्यांनी ते इतकं सुंदर वर आणलंय… तुम्ही आजींच्या मांडीवर बसून बोललात असं वाटतं. मी दुरुस्त करून पाठवतो, पण ते पहिलं वाजू देऊ नका. आणि काका, त्याच्यापुढे अजून—"

पण मोरूने फोन ठेवला होता.

जित्याची हळद चार वाजता. सबंध भावकी बसलेली, मोठे बॉक्स लावलेले, आणि त्यातून नवरीचा बाप सांगतोय, मुलाची आई पाणी वाढते. लग्न मोडायला यापेक्षा कमी गोष्टी पुरल्याचं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मोडलं नाही तरी दिशाला त्याच घरात, त्याच विहीणबाईंच्या हाताखाली, त्याच चुलीपुढे जन्म काढायचा होता.

त्याने आदेशला फोन लावला. उचलला नाही. मग धीर करून नाथाला, मुलाच्या बापाला लावला.

"व्याही, ते धवले… तिसरा तेवढा लावू नका. नीट आला नाय. आवाज बारीक झालाय."

"अवो, मंग काय झालं!" नाथा खुशीत होता. "आमच्याकडं आठ बॉक्स लागलेत. बारीक आसंल ते मोठं करून घेऊ. तुमी काळजीच करू नका."

"तसं नाय वो. म्हंजी… धोंडुबाय त्यात एक ओळ विसरली."

"आस्सं? मंग बरं झालं सांगितलंत. आमच्या चार म्हाताऱ्या हायेत, त्यांना सगळे धवले पाठ. त्यांना बॉक्सपुढंच बसवतो आन् सगळा मांडव गप करतो. कुठली ओळ ऱ्हायली ती त्याच सांगतील."

फोन ठेवून मोरू खाली, उभ्या जागी बसला. आतापर्यंत निदान कोणी ऐकणार नाही अशी आशा होती. ती त्याने स्वतःच्या तोंडाने घालवली.

शकू बाहेर आली. हात पिठाचे. "काय झालं वो? तोंड का उतरलंय?"

त्याने सांगितलं. शकूचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम पांढरा.

"माजं… तुमचं बोलनं आलंय?" ती म्हणाली. "तेवडंच?"

"तेवडंच म्हंजी? आजून किती पायजे?"

"मंग बसलाव काय? निघा की!"

पण निघायचं कोणत्या तोंडाने? नवऱ्याच्या अंगाची उष्टी हळद नवऱ्याकडची माणसं घेऊन येतात, मग ती नवरीला लावतात. नवरीच्या बापाने हळदीच्या दिवशी नवऱ्याच्या दारात उभं राहायचं नसतं. शेवटी त्याने ठरवलं, उष्टी हळद न्यायला मीच आलो म्हणून सांगायचं. असं कोणी कधी केलं नव्हतं, पण दुसरं काही सुचेना.

"मी बी येते," शकू म्हणाली.

"तू? नवरीची आय? हळदीला घर सोडून?"

"येते म्हनलं ना! माजी जाव जनी हाय दिशापाशी." आणि ती हात धुवायलाही न थांबता निघाली. आपल्या बायकोला आपली एवढी काळजी, हे पाहून मोरूला त्या घाईतही भरून आलं.

दारात केरूचा टेम्पो उभा होता. मांडवाच्या शंभर खुर्च्या त्यात, अजून एकही उतरलेली नाही.

"केरू, गाडी काढ. जित्याला."

"खुर्च्या?"

"ऱ्हाऊ दे खुर्च्या!"

तिघं पुढे बसले. केरू चालवायला, मोरू मधे, शकू डावीकडे खिडकीशी. मागे शंभर खुर्च्या खडखडत होत्या. नागोठणे गेलं. वडखळला गाड्या तुंबलेल्या. मोरू दर दोन मिनिटांनी केरूच्या मनगटावरचं घड्याळ वाचत होता, आणि केरू दर वेळी हात स्टिअरिंगवरून काढून दाखवत होता, त्यामुळे शकू ओरडत होती. पेण मागे पडलं तेव्हा साडेतीन झाले होते. डाव्या बाजूने शकू काहीतरी बोलत होती, बहुतेक देवाचं नाव घेत असावी. "त्याला काय धाड भरली हुती त्या मशीनला" एवढंच त्याला एकदा कळलं.

जित्याला मांडवात शिरताना मोरूने ऐकलं. दुसरा धवला संपत आला होता.

नाथा धावत पुढे आला. त्याचा चेहरा भेदरलेला. नवरीचा बाप, नवरीची आई, दोघं हळद सोडून दारात. त्याला वाटलं, काहीतरी बिनसलं.

"व्याही! काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय, बरी हाय. उष्टी हळद न्यायला आलो."

"तुमी? सोता?" नाथाने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर टेम्पोवर गेली. तिथे तो थबकला. मग त्याचे डोळे पाणावले. "व्याही… आमच्याकडं खुर्च्या कमी पडल्या, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

तोवर चार माणसं टेम्पोवर चढली होती आणि निडीच्या शंभर खुर्च्या जित्याच्या मांडवात उतरत होत्या. त्यातलीच पहिली नाथाने बॉक्सपुढे, चार म्हाताऱ्यांच्या शेजारी ठेवली आणि मोरूला खांदे दाबून तीत बसवलं.

"जरा आदेशशी बोलायचं हुतं," मोरू म्हणाला. आदेश गाणी लावायच्या मशीनपाशी बसला होता, पेन ड्राइव्ह त्याच्या गुडघ्याशी लुकलुकत होता.

"नंतर बोला. तिसरा लागतोय. गप रे सगळे! कुनी बोलायचं नाय! येक ओळ ऱ्हायलीय, ती पकडायचीय!"

जन्मात पहिल्यांदा मोरूने धवल्याला गप्प बसलेला मांडव पाहिला. पोरंसुद्धा गप्प. आठ बॉक्समधून धोंडुबाईचा आवाज आला, आणि खरंच, अंबरीश म्हणाला होता तशी त्याला ऊब होती. म्हातारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पायाशी एक काळी वायर दिसली. मोरूने चप्पल काढली, अंगठ्यात वायर अडकवली आणि ओढली. मांडवावरच्या सगळ्या दिव्यांच्या माळा विझल्या. गाणं चालूच राहिलं.

"दिवं ऱ्हाऊद्या," नाथा कुजबुजला. "उजेड हाय."

धोंडुबाईने आवाज खाली आणला. दम घ्यायला थांबली. मोरूने डोळे मिटले.

"विहीणबाईचं मटान म्हंजी नुसतं गरम पानी," आठ बॉक्समधून मोरू म्हणाला. "तुज्या हाताची सर नाय."

नाथाचा हात वर गेला. "थांबव!"

आदेशने थांबवलं. मोरूने एक डोळा उघडला. समोर विहीणबाई उभ्या होत्या, नूतन, हातात हळदीची वाटी. त्यांचे ओठ थरथरत होते. मोरू हात जोडायला उठणार, तेवढ्यात त्यांच्या तोंडून फुसकन आवाज आला. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की वाटी शेजारणीने धरली.

"अवो, साखरपुड्याचं मटान मी कुठं केलतं? मला तवा ताप हुता! ह्येंनी केलतं सगळं. वर मला म्हनाले, कुनाला सांगू नको, बायकोनं केलं म्हनून सांग!"

सगळ्यांच्या माना नाथाकडे वळल्या. नाथाचा चेहरा बघवत नव्हता. वीस किलो मटण, पहाटेपासून एकट्याने, डोळे चोळत कांदे चिरून केलेलं. तो मोरूकडे बघेना. दुसरीकडे, टेम्पोकडे बघत राहिला. विहीणबाई बचावल्या होत्या आणि मोरूने थेट व्याह्यालाच लाथ घातली होती. मोरूला वाटलं, पहिलीच भानगड परवडली असती.

नाथा कोरड्या आवाजात म्हणाला, "लाव पुढं. धवला आर्धा ठेवत नाय."

"नको!" कोणीतरी ओरडलं. मोरूने वळून पाहिलं. ती शकू होती.

पण आदेशने लावलं होतं. आणि धोंडुबाईने सूर घ्यायच्या आधी, आठ बॉक्समधून, अगदी जवळून, पुटपुटलेला एक आवाज आला. मोरूने तो जन्मात असा स्पष्ट ऐकला नव्हता, कारण तो नेहमी डावीकडून यायचा.

"म्हनून तीन येळा मागून घेतलंत व्हय? आन् रस्सा वरपताना डोळं मिटलं हुतं. माज्या कालवनाला कवा मिटलं नाय. खोटारडा मेला!"

मांडव फुटला. म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. नाथा मात्र हसला नाही. तो हळूच वळला, मोरूपुढे येऊन उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे, साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं, "तीन येळा?"

मोरूने शकूकडे पाहिलं. शकू विझलेल्या दिव्यांच्या माळा बघत होती. ती कोणाच्या काळजीने पिठाच्या हातांनी एवढी लांब धावत आली होती ते मोरूला आता कळलं.

"चार," मोरू म्हणाला. "येकदा ती हात धुवाय गेली हुती."

नाथाने त्याला उचलून मिठी मारली. बॉक्सपुढच्या चौघींत सर्वांत म्हातारी होती तिने पदराने डोळे पुसले आणि आदेशला सांगितलं, "पुन्यांदा लाव रं. ऱ्हायलेली ओळ हीच. आमच्या धवल्यात ही नव्हती, पन शोभली."

तो धवला त्या दिवशी पाच वेळा लागला.

निघताना उष्टी हळद शकूच्या ओटीत पडली आणि मोरूच्या मांडीवर नाथाने स्वतः एक मोठं पातेलं आणून ठेवलं, फडक्याने तोंड बांधलेलं, चटके बसतील एवढं गरम. "पानी हाय," तो म्हणाला. "नुसतं गरम पानी. सांडू नका." खुर्च्यांचा विषय काढायला कोणालाच तोंड नव्हतं. त्या तिथेच राहिल्या. निडीत त्या संध्याकाळी पाहुणे चटयांवर बसले, आणि धोंडुबाई म्हणाली, लई वर्सांनी लगीन लगनासारखं वाटलं.

पण ते नंतर. आत्ता टेम्पो पेण ओलांडत होता. मोरू मधे बसून पातेलं खड्ड्यांतून सांभाळत होता. डावीकडे, खिडकीशी, शकू काहीतरी पुटपुटली.

"काय म्हनलीस गो?"

"काय नाय."

मोरूने थोडा वेळ विचार केला. मग केरूला टेम्पो बाजूला घ्यायला सांगितला, पातेलं त्याच्याकडे धरायला दिलं, आणि शकूला म्हणाला, "उतर. मधी बस तू. मी खिडकीशी बसतो. उजवा कान तुज्याकडं येईल."

शकू उतरली नाही. तिने हळदीची ओटी घट्ट धरली आणि समोर रस्त्याकडे बघत, यावेळी मोठ्याने, केरूलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केरू, गाडी चालव. ह्येंचं पानी निवतंय."